दोन राजांची भेट आणि टपालाचे तिकीट

इजिप्तचा राजा फारूक आणि सौदी अरबस्तानचा राजा इब्न सौद यांची १९४५ साली भेट झाली, तेव्हा तिच्या स्मरणार्थ सौदी सरकारने टपालाची तिकिटे काढली. पुढे १९५२ साली फारूकचे सिंहासन गेले. तिकिटे तेवढी संग्राहकांच्या वह्यांत राहिली. तात्पर्य, राजांचा थाट स्मरणास पात्र नव्हे. भेटीने प्रजेचे जे हित साधले तेच पात्र होय.

या कसोटीस उतरणारी भेट आपल्याच इतिहासात आहे. १६७७ साली शिवछत्रपती भागानगरास जाऊन अबुल हसन कुतुबशहास भेटले. धर्म दोन, परंतु मोगली सत्तेचे संकट दोघांसही एकच! कुतुबशहाने कर्नाटकच्या मोहिमेस द्रव्य व तोफखाना यांचे साहाय्य दिले. त्याच वर्षी महाराजांनी जिंजी घेतली, आणि १६८९ नंतर त्याच किल्ल्याने राजाराम महाराजांस आश्रय देऊन स्वराज्य तगविले.

आपल्या टपाल खात्याने १९६१ साली शिवछत्रपतींचे आणि १९७४ साली राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे तिकीट काढले, हे योग्यच झाले. २०२७ हे भागानगरच्या भेटीचे साडेतीनशेवे वर्ष. त्या वर्षी या भेटीचेही तिकीट निघावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. तिकीट म्हणजे राज्याच्या मुद्रेचा दस्तऐवज. शिवचरित्रातून धर्मद्वेषाचा पुरावा काढू पाहणाऱ्यांस त्याहून चोख उत्तर कोणते? ग्रंथ वाचणारे थोडे. पण आमच्या वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्यातील शाळकरी पोरही पाकिटावरचे चित्र पाहून विचारील, ‘हे दोघे कोण?’ त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची तयारी वडील मंडळींनी आजच करावी.