माहिती भरण्याची विद्या

अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील जोलिएट या गांवीं १९०१ सालीं जें ज्युनियर कॉलेज निघालें, तें तेथील कम्युनिटी कॉलेजांचें मूळ मानतात. घरचा व्याप सांभाळून अल्प मुदतींत एखादें उपयुक्त काम शिकावें, अशी सोय या कॉलेजांत असते. संगणकांत माहिती भरण्याचें, म्हणजे डेटा एन्ट्रीचें शिक्षण त्यांपैकींच होय.

बोटें चपळ झालीं कीं ही विद्या आली, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारींत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रासाठीं कार्डांवर भोकें पाडून माहिती नोंदवीत. पुढें एकीनें भरलेलें कार्ड दुसरीनें पुन्हां भरून पडताळण्याची रीत पडली. कारण एक अंक चुकला तर एखाद्या विधवेचें निवृत्तिवेतन अडून राहतें.

आतां यंत्रें स्वतःच छापील मजकूर वाचूं लागल्यानें निव्वळ भरणाऱ्यांचें काम कमी होत आहे. तेव्हां तिकडे गेलेल्या आपल्या मुलीसुनांनीं हा वर्ग अवश्य करावा; मात्र तेवढ्यावर न थांबतां पुढें हिशेबनिशी किंवा संख्याशास्त्रही शिकावें. वडील मंडळींनींही ‘कारकुनी’ म्हणून त्यांस हिणवूं नये, हीच आमची विनंती.