अडगळीचे मोल आणि गावची शाळा

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात आपल्या घरांचे माळे उतरविले जातात. मुलांना आखूड झालेले स्वेटर, मागील इयत्तेची पुस्तके, एक पाय डगमगणारी खुर्ची, लग्नात भेट आलेली आणि खोक्यातून कधीच बाहेर न निघालेली भांडी असा कितीतरी ऐवज त्या दिवसांत अंगणात येऊन पडतो. त्यातील थोडा भंगारवाल्याकडे जातो, थोडा गडीमाणसांना दिला जातो आणि उरलेला झाडूनपुसून पुन्हा माळ्यावर चढतो. हाच ऐवज एका ठिकाणी जमवून, त्याची रीतसर विक्री करून गावच्या शाळेसाठी निधी उभारावा, असा एक विचार आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे या लेखाद्वारे मांडीत आहोत.

ही कल्पना परदेशांत चांगलीच रुळलेली आहे. अमेरिकेत कुटुंबे आपल्या अंगणातच नको असलेल्या वस्तू मांडून विकतात. इंग्लंडमध्ये शाळा आणि प्रार्थनामंदिरे यांच्या साहाय्यार्थ ‘जंबल सेल’ भरविण्याची प्रथा जुनी आहे. १९४२ साली ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या ऑक्सफॅम या संस्थेने तर वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांतून आपल्या लोकसेवेच्या कार्यास मोठा आधार मिळविला. आपल्याकडेही जुन्या वस्तूला किंमत असते हे कोणी नव्याने शिकवावयास नको. दारी येणाऱ्या बोहारणीशी घासाघीस करून चार जुन्या लुगड्यांवर एक स्टीलचे पातेले मिळविणाऱ्या गृहिणींच्या व्यवहारज्ञानापुढे कित्येक आडत्यांनीही मान लववावी! उणीव एवढीच, की हे मोल आजवर घरापुरतेच राहिले. ते गावाच्या कामी आले नाही.

सांवेर हे इंदूर-उज्जैन मार्गावरील तहसिलीचे गाव. उलट्या हनुमानाच्या मंदिरामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना ते ठाऊक आहे. भोवतालची माळव्याची काळी जमीन खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू देते. शेजारच्या इंदूर शहराने २०१७ सालापासून सलग अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात प्रथम क्रमांक मिळविला, तो घरोघरी कचरा वेगवेगळा करण्याच्या सवयीच्या बळावर. ओले-सुके निराळे करणाऱ्या हातांना टाकाऊ आणि विकाऊ निराळे करणे कठीण नाही. शिवाय सोयाबीनचे पीक आश्विनाच्या सुमारास घरी येते, म्हणून दिवाळीच्या मागेपुढे शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खेळतात. आणि दिवाळी सरताच थंडी पडू लागल्याने ऊबदार कपड्यांना मागणी येते. तेव्हा वस्तू दिवाळीच्या साफसफाईत जमवाव्यात आणि विक्री दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी करावी, असे आम्ही सुचवितो. वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष नुकतेच लागलेले असते, नव्या वह्यांचे पूजन झालेले असते आणि सणाच्या गर्दीतून आपली दुकानेही मोकळी झालेली असतात.

येथे कोणी विचारील, “एवढी यातायात कशासाठी? चार मोठ्या पेढ्यांनी मनावर घेतले तर तेवढी रक्कम एका बैठकीत जमेल.” शंका रास्त आहे. दानशूरांची उणीव आपल्या समाजात कधीच नव्हती, आणि ज्ञानदान हे तर आपल्या चतुर्विध दानांपैकी एक आहे. परंतु एका दात्याने बांधून दिलेल्या खोलीवर एक संगमरवरी पाटी लागते, आणि गावकरी त्या खोलीकडे कृतज्ञतेने, पण परक्याच्या नजरेने पाहतात. ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांनी केवळ हात जोडून उभे राहावे, असे ते नाते होते. शाळेला पैसा हवा हे खरे. त्याहून अधिक तिला हवे आहे ते तिच्याविषयी जाब विचारणारे गाव.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचे मर्म याच ठिकाणी आहे. १८८७ साली कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने काही काळ ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून काम केले होते. गावोगावची माणसे त्यांना ओळखीची होती ती या व्यापारी भटकंतीमुळेच. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे सातारा येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. अडचणीच्या दिवसांत त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, हे सर्वश्रुत आहे. मात्र तो भार एका गृहिणीच्या दागिन्यांवर कायमचा टाकता येणारा नव्हता. मुष्टिफंडाच्या योजनेने तो घराघरांत वाटला. प्रत्येक घरातून मूठभर धान्य बाजूला पडू लागले, आणि ज्या बाईने ती मूठ काढली तिला वसतिगृह आपले वाटू लागले. आज महाराष्ट्रात शेकडो शाळा चालविणाऱ्या त्या संस्थेच्या मुळाशी अशा निनावी मुठी आहेत.

आमच्या सूचनेचा आधारही हाच आहे. जुन्या वस्तू फुकट वाटू नयेत, विकाव्यात. दहा रुपये मोजून मुलासाठी स्वेटर घेणारी मजूर स्त्री याचक नसते. ती गिऱ्हाईक असते आणि त्याच वेळी शाळेची देणगीदारही असते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहून “आमच्या पैशांचे काय केलेत?” असे विचारण्याचा अधिकार तिला त्या दहा रुपयांनी दिलेला असतो. आणि जिच्यापाशी तेवढेही नसतील तिने तासभर वस्तू मांडण्यास वा आवरण्यास हात लावावा. ते श्रम मोलाइतकेच धरावेत. श्रम करून शिकण्याची वाट कर्मवीरांनी आपल्या विद्यार्थ्यांना दाखविलीच होती.

आता व्यवस्थेविषयी. हे काम व्यापाऱ्याच्या हातचे आहे, म्हणून ते व्यापाऱ्याच्याच शिस्तीने व्हावे. वस्तू स्वीकारताना आवक-वहीत नोंद करावी. कपडे धुतलेले, भांडी घासलेली, विजेची उपकरणे जाणत्याकडून तपासून घेतलेली असावीत. औषधे, तडे गेलेली शिरस्त्राणे, झाकण नीट न बसणारे प्रेशर कुकर यांसारख्या जिवाशी खेळणाऱ्या वस्तू घेऊच नयेत. किंमत नव्या वस्तूच्या चतुर्थांशाहून अधिक नसावी, आणि ती चिठ्ठीवर ठळक लिहावी, म्हणजे संकोची माणसाला विचारावे लागणार नाही. अखेरच्या तासात दर निम्मे करावेत. त्यानंतर जे उरेल ते भंगारात देऊन ती रक्कमही जमेस धरावी. कोणाच्याही माळ्यावर ते परत चढू नये.

दोन पथ्ये आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. पहिले असे, की विक्री उघडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी किंवा त्यांच्या आप्तांनी चांगल्या वस्तू बाजूला काढून ठेवू नयेत. दुसरे याहून नाजूक आहे. दुकानातील न खपलेला, डागाळलेला माल ‘शाळेसाठी’ म्हणून या मेळ्यात लोटण्याचा मोह होईल. तसे झाल्यास गावाला ते उमगण्यास वेळ लागणार नाही, आणि गेलेली पत दानाने परत मिळत नाही. नवा माल द्यावयाचाच असेल तर तो निर्दोष असावा आणि निराळ्या मांडणीत ठेवावा. वस्तुरूप देणगीस आयकरात सवलत मिळत नाही, हेही सभासदांनी ध्यानी घ्यावे. ज्यांना सवलत हवी त्यांनी पात्र संस्थेस बँकेमार्फत देणगी द्यावी.

निधीचा विनियोग कशावर व्हावा? पिण्याचे पाणी, मुलांमुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, ग्रंथालय या गोष्टी शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने प्रत्येक शाळेस आवश्यक ठरविल्या आहेत. शासकीय शाळेत त्या पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते आपल्या शिरावर घेऊन शासनास मोकळे करणे हितावह नाही. निधी खर्चावा तो त्यापलीकडच्या गोष्टींवर : विज्ञानाची अधिक साधने, वाद्ये, सहलीचे भाडे, गोष्टींच्या पुस्तकांची आणखी एक पेटी. उद्दिष्ट एकच ठरवावे आणि ते विक्रीपूर्वीच जाहीर करावे.

याच कायद्यानुसार शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शासनाखेरीज अन्य मार्गाने आलेल्या निधीच्या विनियोगावर देखरेख करणे हेही तिचे काम आहे. म्हणून जमलेली रक्कम याच समितीच्या देखरेखीखाली राहावी. आपल्यापैकी काहींनी रोजकीर्द कशी लिहावी, पावती कशी फाडावी, शिल्लक कशी मेळवावी हे पालक-सभासदांना शिकवावे. देणगीहून हे देणे अधिक टिकाऊ ठरेल, असा आमचा विश्वास आहे.

अपरिग्रहाचे नाव घेऊन एका दिवसात घर रिकामे करणे सोपे आहे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा न भरणे अवघड. तो विवेक ज्याने त्याने आपल्या घरी करावा. परंतु जे घराबाहेर पडणारच आहे, ते शाळेच्या दारावरून जावे, इतकीच आमची विनंती आहे. विक्रीनंतर आठ दिवसांच्या आत जमा-खर्चाचा कागद, स्वेटरच्या दहा रुपयांपासून भंगाराच्या अखेरच्या नाण्यापर्यंत, शाळेच्या बाहेरील भिंतीवर, मजुरीहून परतणाऱ्या माणसालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावा. ज्यांना वाचता येत नसेल त्यांना त्यांची मुले तो वाचून दाखवतील.