लखनौचा कौल

1856 सालच्या फेब्रुवारीत कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले आणि वाजिद अली शाहाची रवानगी कलकत्त्यास झाली, तेव्हा दरबारच्या मानकऱ्यांनी हळहळ केली, नबाबाची वृद्ध माता फिर्याद घेऊन थेट विलायतेस गेली. परंतु ज्या रयतेवर हुकूमत चालायची तिला, राज्य कोणाचे असावे, हे नबाबानेही कधी विचारले नव्हते आणि साहेबानेही विचारले नाही. पुढे शंभर वर्षे भरण्याच्या आतच, 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्याच शहरातल्या चौकातला अत्तरवाला, अमीनाबादेतला दुकानदार आणि घरात बसून चिकनचे टाके घालणारी बाई हाती एकेक मतपत्रिका घेऊन मतपेट्यांसमोर उभी राहिली, आणि तो प्रश्न त्यांना प्रथमच रीतसर विचारण्यात आला. लखनौच्या मतदारसंघाचा मागोवा घ्यावयाचा तो या विचारण्याचा, आणि पुढील सात दशकांत शहराने त्याला दिलेल्या उत्तरांचा.

महाराष्ट्रीय वाचकाला लखनौच्या राजकारणाची ओळख होते ती लोकमान्यांच्या चरित्रातून. सुरतेच्या फुटीनंतर नऊ वर्षांनी, 1916 च्या डिसेंबरात, अंबिकाचरण मुजुमदार यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात जहाल आणि मवाळ पुन्हा एका मांडवाखाली आले, आणि ज्याला आपण लखनौ करार म्हणतो तो करार काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्यात लोकमान्यांच्या भक्कम पाठिंब्याने मंजूर झाला. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत हे तत्त्व काँग्रेसने त्यात मान्य केले, आणि संयुक्त प्रांताच्या कायदेमंडळातील लोकनियुक्त हिंदी सभासदांपैकी 30 टक्के मुसलमान असावेत असे ठरले. स्वराज्याच्या मागणीमागे साऱ्या देशाचे बळ एकवटावे, एवढ्यासाठी लोकमान्यांनी ही तडजोड पत्करली होती, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि मतदारांच्या वेगवेगळ्या याद्यांचा परिणाम त्या हेतूच्या आवाक्याबाहेर गेला. 1935 च्या कायद्याने या प्रांताच्या विधानसभेच्या 228 जागांची जी विभागणी केली ती पाहिली, तर एखाद्या मोठ्या वाड्याच्या वाटणीपत्राची आठवण होते: 64 जागा मुसलमानांच्या, 6 जमीनदारांच्या, 3 व्यापाऱ्यांच्या, 3 मजुरांच्या, 2 युरोपियनांच्या, 1 विद्यापीठाची, आणि अशाच आणखी काही. मालमत्ता, सारा किंवा शिक्षण यांच्या कसोटीला उतरणाऱ्यालाच मत होते. आणि ज्याला ते होते त्याचाही शेजारी धर्माने निराळा असला, तर एकाच गल्लीत राहणाऱ्या त्या दोघांची नावे दोन याद्यांत असत. परिणामी मत मागणाऱ्याला गल्लीतले एक दार ठोठवावे लागे आणि दुसऱ्यावरून तो खुशाल पुढे जाऊ शके.

स्वतंत्र भारताच्या घटनेने ही वाटणी मोडून यादी एक केली आणि प्रत्येक प्रौढाला एक मत दिले. मात्र ती यादी तयार करणे हेच केवढे बिकट काम होते! नाव नोंदविण्यास कारकून दारी आला असता असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्यांनी दिली. निवडणूक आयोगाने अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत, आणि देशभरातील सुमारे 28 लाख स्त्रिया त्या पहिल्या निवडणुकीत मताला मुकल्या. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश या भागांतील स्त्रियांचा भरणा मोठा होता. अशा या प्रांताच्या राजधानीने, लखनौ जिल्हा मध्य या नावाच्या मतदारसंघातून, लोकसभेवर प्रथम धाडली ती एक स्त्रीच, हे विशेष. विजयालक्ष्मी पंडित या 1937 च्या पंत मंत्रिमंडळात मंत्री होत्या, त्यामुळे शहराला नव्या नव्हत्या. 1953 मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या, आणि पुढे लंडनच्या वकिलातीवर नेमणूक झाल्यामुळे त्यांची जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत शिवराजवती नेहरू निवडून आल्या, म्हणजे पुन्हा एक स्त्रीच.

त्याच पोटनिवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेलेला एक तरुण उमेदवार होता. ग्वाल्हेरीस जन्मलेल्या आणि लखनौहून निघणाऱ्या ‘राष्ट्रधर्म’ मासिकाच्या संपादनात उमेदवारी केलेल्या अटलबिहारी वाजपेयींना या शहराचे गल्लीबोळ परिचित होते. शहराने मात्र त्यांना ओळख दिली, मत दिले नाही. 1957 मध्ये जनसंघाने त्यांना लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे केले. लखनौत काँग्रेसचे पुलिनबिहारी बॅनर्जी विजयी झाले, मथुरेत वाजपेयींची अनामत जप्त झाली, आणि बलरामपूरने तेवढा त्यांना हात दिला. 1962 मध्ये बी. के. धाओन यांच्याकडून लखनौत ते तिसऱ्यांदा हरले. त्या तीन पराभवांची नोंद मला पुढच्या साऱ्या विजयांपेक्षा मोलाची वाटते. कारण ज्या दाराने तीनदा नकार दिला त्याच दाराशी पुन्हा नम्रपणे उभे राहावयाचे, हा लोकशाहीचा पहिला संस्कार आहे, आणि तो विजेत्यापेक्षा पराजितालाच अधिक घडतो.

1967 मध्ये या शहराने जो कौल दिला तो तर त्याच्या स्वभावाला साजेसा होता. मूळचे काश्मिरी पंडित, जन्माने लखनवी, अलाहाबादच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेले उर्दू कवी आनंद नारायण मुल्ला अपक्ष म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराला मागे टाकून निवडून आले. न्यायासनावरून पोलिसांच्या वर्तनावर त्यांनी अत्यंत कठोर ताशेरे ओढले होते, आणि ते पुढे सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रातून वगळले, हे लोकांना ठाऊक होते. हिंदू घरात जन्मलेल्या, उर्दूला मातृभाषा मानणाऱ्या, कोणत्याही पक्षाचा आश्रय नसलेल्या अशा पुरुषाला जुन्या वाटणीपत्रात कोणत्या यादीचा प्रतिनिधी म्हणावयाचे? एका यादीने त्याला वाट करून दिली.

त्यानंतरची दोन दशके देशाच्या वाऱ्याबरोबर गेली. 1971 मध्ये शीला कौल आल्या. कमला नेहरूंचे बंधू, वनस्पतिशास्त्रज्ञ कैलासनाथ कौल यांच्या त्या पत्नी. आणीबाणीनंतर, 1977 मध्ये, काँग्रेसमधून नुकतेच बाहेर पडलेले माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांनी त्यांचा पराभव केला, आणि उत्तर प्रदेशातील 85 पैकी एकही जागा काँग्रेसच्या पदरी पडली नाही. 1980 व 1984 मध्ये शीला कौल परत आल्या. 1989 मध्ये जनता दलाचे मांधातासिंह निवडून आले.

1991 मध्ये वाजपेयी विदिशा आणि लखनौ अशा दोन्ही ठिकाणी जिंकले, व त्यांनी लखनौ राखले. 1962 च्या पराभवाला तेव्हा 29 वर्षे झाली होती. अयोध्येच्या प्रश्नाने प्रांत ढवळून निघाला होता, आणि यादी एक झाली म्हणून मने एक होतातच असे नाही, हेही त्याच काळाने दाखवून दिले. कागदावरची भिंत कायद्याने पाडता येते, मनातली भिंत प्रत्येक पिढीने नव्याने पाडावी लागते. पुढे 1996 मध्ये अभिनेते राज बब्बर, 1998 मध्ये ‘उमराव जान’चे दिग्दर्शक मुजफ्फर अली, 1999 मध्ये डॉ. कर्णसिंह आणि 2004 मध्ये मधु गुप्ता यांना हरवून वाजपेयी एकूण पाच वेळा येथून निवडून गेले, आणि तीन नकार देणाऱ्या शहराने देशाला पंतप्रधान दिला.

2009 मध्ये लालजी टंडन यांनी बहुगुणांच्या कन्या रीता बहुगुणा जोशी यांचा सुमारे 41 हजार मतांनी पराभव केला. 2014 मध्ये राजनाथसिंहांचे मताधिक्य 2 लाख 72 हजारांच्या घरात गेले, 2019 मध्ये 3 लाख 47 हजारांपर्यंत चढले, आणि 2024 मध्ये समाजवादी पक्षाच्या रविदास मेहरोत्रांविरुद्ध 1 लाख 35 हजारांवर उतरले. आज पश्चिम, उत्तर, पूर्व, मध्य आणि छावणी असे विधानसभेचे पाच मतदारसंघ मिळून लखनौची लोकसभेची जागा बनते. मलिहाबादच्या आमराया, बख्शी का तालाब, सरोजिनीनगर आणि मोहनलालगंज हा जिल्ह्याचा ग्रामीण मुलूख सीतापूर जिल्ह्यातील सिधौलीसह मोहनलालगंज या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात मोडतो. 2024 मध्ये शहराने जुना कौल कायम ठेवला, तर मोहनलालगंजने केंद्रातील राज्यमंत्री कौशल किशोर यांना घरी बसवून समाजवादी पक्षाच्या आर. के. चौधरी यांना निवडले. एकाच जिल्ह्याच्या या दोन निराळ्या उत्तरांत मला विसंगती दिसत नाही. ज्याला आपले दुःख ठाऊक आहे त्याने आपले उत्तर स्वतः द्यावे, यासाठीच तर मत असते.

मनाला खरोखर टोचते ती गोष्ट निराळीच. 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही निवडणुकांत लखनौत 52 ते 55 टक्क्यांच्या दरम्यानच मतदान झाले. म्हणजे ज्यांना विचारले त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी उत्तरच दिले नाही. 1952 मध्ये केवळ स्वतःचे नाव न सांगितल्यामुळे 28 लाख स्त्रियांचे उत्तर ऐकले गेले नव्हते. आज यादीत नाव आहे, धर्माची वा मालमत्तेची अट नाही, आणि तरीही उत्तर मिळत नाही. त्या स्त्रियांच्या मुलींनी आणि नातींनी आपापली नावे स्पष्ट उच्चारून यादीत घातली आहेत. मतदानाच्या दिवशी ते नाव पुकारले गेले की समोर कोणी उभे असावे, एवढे तरी त्या 28 लाख निनावी स्त्रियांचे आपण देणे लागतो.