थेऊरची रात्र आणि पेशवे दफ्तर

थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांवर कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या लेखकाने प्रथम पंचांग उघडावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर मुक्कामी त्यांचे देहावसान झाले ती तिथी शके 1694 मधील कार्तिक वद्य अष्टमी होती, आणि त्या सुमारास चंद्र मध्यरात्रीच्या आगेमागे उगवत असल्यामुळे, आदल्या सायंकाळी मुळामुठेच्या पात्रावर चांदणे पसरल्याचे वर्णन कितीही रमणीय साधले तरी ते असत्यच ठरेल. दिवेलागणीस समई उजळायची तीही चकमकीने, अथवा राखेत जपलेल्या निखाऱ्यावरून. घासून पेटणारी आगकाडी विक्रीस आली ती अर्धशतकानंतर, 1827 मध्ये, आणि तीही विलायतेत.

अशा तपशिलांचा शोध अखेरीस दफ्तरापाशी नेतो. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड सिद्ध केले, आणि वाडांनी काढलेले पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारेही छापील आहेत. परंतु मूळ मोडी कागद ज्याने डोळ्यांखालून घातला नाही, त्याच्या कानी त्या काळची बोली पडणे दुर्घट. आधी शिरोरेघ ओढून, मग बोरू शक्य तितका न उचलता, शब्दाशब्दांत अंतर न सोडता लिहिलेल्या त्या ओळींत ‘सलास सबैन मया व अलफ’ असे साल आढळले, तर तो शुहूर सन 1173 होय. हे वर्ष मृगास पालटते, शक मात्र चैत्रात, म्हणून वैशाखातील आणि श्रावणातील पत्रांची सांगड घालताना नवखा लेखक वर्षभराने सहज चुकतो.

रोजनिशीत इनामे, नेमणुका, सरंजाम यांच्या नोंदी मुबलक आहेत; रमाबाई सती गेल्या हेही सर्वश्रुत आहे, परंतु पतीच्या त्या दीर्घ दुखण्यात त्यांच्या मनाची अवस्था काय होती, हे फडावरचा कोणता कारकून लिहून ठेवणार? तेथे कल्पनेचा अधिकार मी निःशंकपणे मानतो. मात्र त्यांच्या तोंडी एखादे वाक्य घालण्यापूर्वी, त्यांच्या सासूबाई गोपिकाबाई यांनी पुढे सवाई माधवरावांना वर्तनाविषयी लिहून पाठविलेली कलमे लेखकाने सावकाश वाचावीत. त्या घराण्यातील एका करारी स्त्रीचा शब्द तेथे साक्षात ऐकू येतो.