बांधावर उजेड

इस्त्रियात शेत करायचं म्हणजे आधी दगड वेचायचे. एड्रियाटिक समुद्रात उतरलेलं हे द्वीपकल्प, बहुतेक क्रोएशियातलं. माती लाल, खाली चुनखडक. पिढ्यान्‌पिढ्या वेचलेले दगड शेताच्या कडेला टाकत गेले आणि त्यांचे गडगे झाले. यातले काही गडगे पुला आणि पोरेच या रोमन वसाहतींच्या मोजणीदारांनी आखलेल्या हद्दींवर उभे आहेत. विसाव्या शतकात गावं ओस पडली, शेतांत झाडोरा माजला, आणि गडगे त्यात बुडाले.

त्या मोजणीदारांचं हत्यार म्हणजे ग्रोमा. उभ्या काठीवर एक आडवी फुली, फुलीच्या चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरचे दोन ओळंबे एका नजरेत मिळाले की रेषा सरळ, दुसऱ्या जोडीवरून काटकोन. वारा सुटला की ओळंबे डुलणार आणि काम खोळंबणार. एवढ्या भांडवलावर त्यांनी मैलोन्‌मैल चौकटी पाडल्या. नेहमीची चौकट सुमारे ७१० मीटर बाजूची, म्हणजे २०० युगेरा. एक युगेरुम आपल्या हिशेबाने जवळपास २५ गुंठे. अख्खी चौकट सव्वाशे एकरांची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने काढलेल्या फोटोंवरून जॉन ब्रॅडफर्ड यांनी दक्षिण इटलीतल्या अशा आखण्या ओळखल्या. पण ते उघडं रान होतं. झाडाखालचं कॅमेऱ्याला कुठून दिसणार?

इथे लायडार कामाला येतो. विमानातून सेकंदाला लाखो लेसर ठिणग्या खाली सुटतात. बहुतेक पानाफांद्यांवर आपटून परततात, थोड्या फटीतून जमिनीपर्यंत पोचतात. परतीला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं, आणि संगणक झाडांचे ठिपके गाळून उघडी जमीन मांडतो. त्यासाठी पानगळीतलं उड्डाण बरं. सदाहरित झुडपांपुढे मात्र हिवाळाही फारसा उपयोगाचा नाही.

आता खरी गंमत. या जमिनीवर संगणकात खोटं ऊन पाडतात, म्हणजे उंचवट्याची सावली पडून तो दिसावा. रूढ पद्धतीत ऊन वायव्येकडून येतं. मग उन्हाला आडवा गेलेला गडगा ठसठशीत उठतो, आणि उन्हाच्याच दिशेने धावणारा गडगा सावलीच नसल्यामुळे गायब! रोमन आखणी तर काटकोनातली. चौकट नेमकी तशी वळलेली असली तर एका दिशेच्या रेषा हाती लागतात, दुसऱ्या दिशेच्या हरवतात. स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाच्या संशोधकांनी यावर साधा तोडगा काढला: ऊन सोडा, प्रत्येक ठिपक्यावरून आकाश किती दिसतं तेवढं मोजा. खोलगट जागा काळवंडते, उंचवटा उजळतो, कुठल्याही दिशेचा असो.

तरी सरळ रेष दिसली की रोमन म्हणायचा मोह आवरावा लागतो. व्हेनिसच्या अमलातले शेतकरीही सरळ गडगे घालत असतील की! म्हणून नकाशावर ७१० मीटरची जाळी ठेवून पाहायची, रेष बसते का ते. बसली तरी तो गडगा नंतर पुन्हा रचलेला असू शकतो. हद्द जुनी, दगड नवे. शेवटी कोयता घेऊन झुडपात शिरावं लागतं आणि गडग्याच्या पायाशी खणावं लागतं. काही ठिकाणी तर तेवढाही खटाटोप नको: तीच रेष आजही दोन शेतांमधली हद्द आहे.