ईरी सरोवराचे गणित अडते कुठे?

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवराच्या पश्चिम भागात येणारा स्फुरद 40 टक्क्यांनी घटवण्याचे ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारिओ यांनी 2015 मध्ये ठरवले होते. त्यासाठी घातलेली 2025 ची मुदत उलटली, पण मॉमी नदीतून येणारा स्फुरद काही तेवढा घटला नाही. ऑगस्ट 2014 मध्ये याच सरोवरातल्या, स्फुरदावर पोसणाऱ्या नील-हरित शेवाळाचे विष ओहायोतल्या टोलेडो शहराच्या नळांत उतरले आणि चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळून हे विष जात नाही.

स्फुरद किती घटवायचा आणि कसा, हे संगणकीय प्रारूपांवरून ठरवतात. ईरीला ती नवी नाहीत. अमेरिका-कॅनडा यांच्या 1978 च्या करारात वर्षाला 11,000 टन एकूण स्फुरदाची मर्यादा प्रारूपांच्याच आधारे ठरली. सांडपाणी शुद्ध होऊ लागले, मर्यादा पाळली गेली आणि सरोवर सुधारले. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परतले, तेव्हा एकूण स्फुरद फारसा वाढलेला नव्हता. वाढला होता तो पाण्यात विरघळलेला स्फुरद. मातीला चिकटलेला स्फुरद बराचसा तळाशी बसतो. विरघळलेला मात्र शेवाळाला आयताच मिळतो. म्हणून 2016 च्या नव्या मर्यादेत दोन आकडे आले. मार्च ते जुलै या काळात मॉमीतून 860 टन एकूण आणि 186 टन विरघळलेला स्फुरद, यापेक्षा जास्त येता कामा नये.

नदीच्या पाणलोटासाठी मुख्यतः ‘स्वॅट’ हे प्रारूप वापरतात. माती, उतार आणि पीक सारखे असलेले तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर रोज किती पाऊस पडला, किती मुरला, किती वाहिला आणि सोबत किती खत गेले, याचा हिशेब ते मांडते. मॉमीच्या खोऱ्यात या हिशेबातली कळीची गोष्ट जमिनीखाली आहे. एकेकाळी दलदल असलेल्या या सपाट प्रदेशात शेताखाली सच्छिद्र पाइप पुरले आहेत. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत बसवतात, तशीच ही निचरा पद्धत. भेगांतून झिरपलेले खताचे पाणी या पाइपांतून थेट ओढ्याला लागते. बांधावरच्या गवताच्या पट्ट्याला ते सापडतच नाही.

पाच वेगवेगळ्या चमूंनी स्वॅट चालवून 2017 मध्ये दिलेला निष्कर्ष स्पष्ट होता. लक्ष्य गाठता येईल, पण खत जमिनीत पेरून देणे, आच्छादन पिके आणि गवतपट्टे हे सगळे एकत्र आणि फार मोठ्या क्षेत्रावर करावे लागेल. पुढे 2019 च्या अतिपावसाने लाखो एकर पेरणीच होऊ दिली नाही, खतही कमी पडले. त्या वसंतात विरघळलेला स्फुरद नदीच्या प्रवाहावरून अपेक्षित होता त्यापेक्षा सुमारे 30 टक्के कमी आला. निसर्गानेच केलेला हा प्रयोग प्रारूपांच्या टीकाकारांनी नीट वाचायला हवा.

प्रारूपांची खरी अडचण वेगळी आहे. कोणत्या शेतात किती खत आणि शेणखत पडले, याची नोंद त्यांना मिळत नाही. परगण्याच्या सरासरीवर भागवावे लागते. वर्षानुवर्षे खत खाऊन मुरलेली मोजकी शेते सर्वाधिक स्फुरद सोडतात, आणि सरासरीत नेमकी तीच लपतात. ऐच्छिक अनुदानावर विसंबणाऱ्या राज्यांनी आधी ही नोंद सक्तीची करायला हवी.