तळ गाठणारं मेटल

बर्लिनच्या ‘द ओशन’ या बँडच्या गाण्यांची नावं नुसती वाचत गेलं, तर भूविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकाची अनुक्रमणिका हातात आल्यासारखं वाटतं. सायडेरियन, ओरोसिरियन, स्टॅथेरियन. मग कॅम्ब्रियन, सिल्युरियन, पर्मियन. आणि शेवटी हिमयुग सरल्यानंतरचे प्रीबोरियल, बोरियल, अटलांटिक. सैतान, तलवारी, मोटारसायकली, अपेक्षाभंग ही मेटलच्या गाण्यांतली नेहमीची मंडळी इथे फारशी फिरकत नाहीत. पंचवीसेक वर्षांत या बँडनं पृथ्वीच्या जन्मापासून आजपर्यंतचा पल्ला संगीतात उभा केला आणि मध्येच वाट वाकडी करून समुद्राचा तळही गाठला.

एका कल्पनेभोवती अख्खा अल्बम बांधणं प्रोग्रेसिव्ह मेटलला नवं नाही. जर्मनीत तर नाहीच. म्युनिकच्या ‘सीजेस ईव्हन’नं 1988 मध्ये ‘लाइफ सायकल’ काढला, तेव्हाच आडव्यातिडव्या मात्रांचं, ऐकणाऱ्याला दम लावणारं मेटल तिथे रुजायला लागलं होतं. कैझर्सलाउटर्नच्या ‘व्हांडेन प्लास’नं नाट्यमय, गोळीबंद कथानकांचा रस्ता धरला. पण अशा बहुतेक अल्बमांत कल्पना असते ती शब्दांत आणि मुखपृष्ठावर. गोष्ट राजाची असो वा रोबोची, गिटार तीच वाजते. ‘द ओशन’चं वेगळेपण असं, की त्यांच्या चांगल्या कामात विषयच संगीताला हुकूम सोडतो. लय किती ठेवायची, सूर किती खाली न्यायचा, गाणं कुठे तोडायचं, सगळं तोच ठरवतो. जिथे हे साधलेलं नाही तिथे भारदस्त नावाची पाटी तेवढी उरते. दोन्ही प्रकारची उदाहरणं या एकाच बँडपाशी आहेत, म्हणून त्याच्याबद्दल लिहायला मजा येते.

बँड 2000 साली रॉबिन स्टाप्स या गिटारवादकानं उभा केला. बर्लिनमधल्या एका जुन्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या तळघरात त्यांनी बस्तान मांडलं आणि त्या जागेचं नाव ठेवलं ‘ओशनलँड’. पहिली धडपड शब्दांवाचूनची होती. 2003 चं ‘फॉगडायव्हर’ हे छोटेखानी ध्वनिमुद्रण निव्वळ वाद्यांचं आहे. पुढच्या वर्षीचा ‘फ्लक्सिऑन’ ऐसपैस आणि वाद्यवृंदाच्या अंगानं जाणारा. त्याच्या पाठोपाठ आलेला ‘इओलियन’ सगळे अलंकार उतरवून ठेवलेला, रांगडा आणि चिडलेला. एकाच घरातले हे दोन स्वभाव तेव्हापासून आजतागायत एकमेकांशी भांडताहेत.

बँड स्वतःला ‘कलेक्टिव्ह’ म्हणवतो. सुरुवातीच्या वर्षांत ते खरंही होतं, म्हणजे माणसं येत आणि जात. एका अल्बमवर पाचसहा गायक, कुणी व्हायोलिन घेऊन आलेला, कुणी चेलो. पण या सामूहिक कारभाराची दोरी पहिल्यापासून एकट्या स्टाप्सच्या हातात राहिली. संगीत त्याचं, शब्द मुख्यतः त्याचे, आणि 2009 मध्ये ‘पेलाजिक रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढल्यावर धंद्याची बाजूही त्याचीच. आपल्याकडे नाटक कंपन्यांचे मालक असत, तो प्रकार म्हणा हवं तर. कलाकार बदलत, पडद्यावरचं नाव तेच. मला यात खोट दिसत नाही. दहा-दहा वर्षं पुरणारा आराखडा समितीच्या हातून पुरा झाल्याचं कुणी पाहिलंय?

हा आराखडा पहिल्यांदा दिसला तो 2007 च्या ‘प्रीकॅम्ब्रियन’मध्ये. पृथ्वीचं वय साधारण 460 कोटी वर्षं. त्यातली शेवटची 54 कोटी सोडली तर बाकी सगळा काळ कॅम्ब्रियन-पूर्व, म्हणजे शेकड्यात सांगायचं तर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. जीवाश्म जवळपास नाहीत, डायनोसॉर नाहीत, शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकला जाणारा हा काळ. बँडनं त्याला दोन तबकड्या दिल्या. पहिली जेमतेम बावीस मिनिटांची. तिच्यात हेडियन आणि आर्कियन, म्हणजे वितळलेला खडक, उल्कांचा मारा आणि नुकतीच धरू लागलेली साय. संगीतही तसंच आहे. गाणी आखूड, गिटारी भरड, गळा फाडून ओरडणं, श्वास घ्यायला जागा नाही. दुसरी तबकडी तासाभराची. तिच्यात पियानो येतो, तंतुवाद्यं येतात, मधूनच शांतता येते. वातावरणात प्राणवायू साठत गेला तो हा काळ, आणि संगीतातही हवा खेळती होते.

इथवर झकास. पण दुसऱ्या तबकडीतल्या नऊ गाण्यांची नावं कुणी रात्रीतून आपापसांत बदलली, तर सकाळी किती जणांच्या ध्यानात येईल? स्टॅथेरियनच्या जागी कॅलिमियन वाजलं तर ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. क्रम कालानुसार आहे. त्या काळाचा संगीतावर हक्क मात्र चालत नाही. आणखी एक गंमत. दुसऱ्या तबकडीत जो महाकल्प आहे, त्याचे भूविज्ञानाच्या कोष्टकात दहा कल्प आहेत. बँड नवव्यापाशी, क्रायोजेनियनपाशी, थांबतो. राहून गेला तो एडिआकरन, ज्यात डोळ्यांनी दिसतील असे मऊ शरीराचे मोठे जीव पहिल्यांदा आढळतात. नेमकी गोष्टीतली पात्रं रंगमंचावर यायच्या वेळी पडदा पडतो.

2009 मध्ये स्वित्झर्लंडचा लोइक रोसेटी गायक म्हणून आला आणि बँडला एकच, ओळखू येणारा गळा मिळाला. त्याला खर्जातलं गुरगुरणं जमतं, आर्त किंचाळणं जमतं आणि सरळ, मोकळं गाणंही. 2010 च्या ‘हेलिओसेंट्रिक’ आणि ‘अँथ्रोपोसेंट्रिक’ या जोडअल्बमांत त्याच्या सरळ गाण्याला भरपूर वाव मिळाला. विषय होता पृथ्वी विश्वाच्या मध्याशी नाही हे कळल्यावर ख्रिस्ती धर्मविचाराचं काय झालं. टॉलेमी येतो, डार्विन येतो, दोस्तोयेव्हस्कीचा महान्यायाधीश येतो. वाद चोख मांडलाय, पण निबंध जरा जास्तच झालाय असं मला दर वेळी वाटतं.

आणि मग 2013 चा ‘पेलाजिअल’. या बँडचं एकच काम जपून ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन.

त्रेपन्न मिनिटांची ही एकच सलग रचना. सोयीसाठी अकरा तुकडे पाडलेत, पण मध्ये कुठे सांधा नाही. आराखडा समुद्रशास्त्रातून उचललेला. पृष्ठभागापासून दोनशे मीटरपर्यंत उजेडाचा थर; हजार मीटरपर्यंत संधिप्रकाश; तिथून चार हजारापर्यंत काळोख; सहा हजारापर्यंत अथांग भाग; आणि त्याखाली खंदक, ज्यांना ग्रीकांच्या पाताळाचं नाव आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. सहा हजार मीटरवर तो सहाशे पट होतो. स्टाप्सनं ठरवलं की ऐकणाऱ्याला या सगळ्या थरांतून सरळ खाली न्यायचं, वर आणायचंच नाही.

सुरुवात होते पाण्याच्या आवाजानं, पियानोनं आणि तंतुवाद्यांनी. दुसऱ्या तुकड्यात गिटारी येतात त्या चकाकत्या, ड्रमचा प्रत्येक टोला वेगळा ऐकू येतो. काळोखाच्या थरात शिरल्यावर झटापट सुरू होते. मात्रा मोडतात, गिटार आणि ड्रम एकमेकांना चुकवत धावतात, समेची वाट पाहणाऱ्याला दोनदा-तीनदा हुलकावणी मिळते. अजून बुडण्याला विरोध चाललाय असं वाटतं. मग विरोध सरत जातो. लय उतरते. गिटारीच्या तारा अधिकाधिक सैल, सूर अधिकाधिक खाली. ध्वनिमिश्रण स्वीडनच्या येन्स बोग्रेनचं आहे, आणि त्यातही हीच उतरण ठेवलीय. वरचा स्वच्छ, मोकळा नाद खाली येता येता गढूळ आणि कोंदट होत जातो. शेवटच्या तुकड्यात, समुद्रतळावर, जवळजवळ काही घडतच नाही. दोनतीन स्वर, प्रचंड वजनाचे, एकामागून एक टेकवलेले. दोन आघातांच्या मध्ये इतकं अंतर, की पुढचा येईल की नाही अशी शंका यावी.

ख्यालावर वाढलेल्या कानाला ही उलटी गंगा आहे. आपला गवई विलंबितातून निघतो आणि द्रुतात जातो. लय चढत जाण्यातच ऐकणाऱ्याची उत्कंठा असते, आणि टाळी पडते तीही चढावरच. मेटलचंही तेच, वेग हे त्याचं पहिलं भांडवल. ते हातचं सोडून द्यायचं आणि तरी तासभर माणसाला धरून ठेवायचं, हे सोपं नाही. इथे वेगाची जागा वजन घेतं. लय निम्म्यावर आली की प्रत्येक आघाताला वाजून विरायला दुप्पट वेळ मिळतो, आणि सूर खाली गेल्यानं तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. दाब वाढतोय हे शब्दांत कुठेही सांगावं लागत नाही. नावं बदलली तर चालतील का, हा ‘प्रीकॅम्ब्रियन’ला विचारलेला प्रश्न इथे विचारताच येत नाही, कारण तुकड्यांची अदलाबदल केली की रचना कोसळते.

या अल्बमची दुसरी हकिगतही तितकीच बोलकी आहे. तो गाण्यावाचूनच करायचं ठरलं होतं. रोसेटीची प्रकृती बिघडली होती आणि तो पुढे गाऊ शकेल की नाही याचीच खात्री नव्हती. संगीत तयार झाल्यावर तो सावरला आणि मग त्यावर गायला. शेवटी अल्बम दोन्ही रूपांत आला, गाण्यासह आणि गाण्याशिवाय. गाण्यातला मजकूर समुद्राचा नाहीच. तार्कोव्हस्कीच्या 1979 च्या ‘स्टॉकर’ या चित्रपटात एका निषिद्ध प्रदेशाच्या मध्यावर एक जागा असते, जिथे पोचणाऱ्याच्या मनातली खरीखुरी इच्छा पुरी होते. तिथवर गेलेली माणसं उंबऱ्यापाशी कचरतात, कारण आपली खरी इच्छा काय निघेल याची त्यांनाच धास्ती. स्टाप्सनं समुद्राची उतरण या उतरणीवर बसवली. मला मात्र गाण्याविना असलेलं रूप जास्त आवडतं. रोसेटी गातो उत्तम, पण माणसाचा आवाज आला की सोबत होते, आणि सहा हजार मीटरखाली सोबत असू नये.

‘प्रीकॅम्ब्रियन’ आणि माणसाच्या विचारांवरचे ते जोडअल्बम यांच्यामध्ये 54 कोटी वर्षांची खिंड तशीच राहिली होती. ती भरायला बँडला 2018 उजाडलं. ‘फॅनेरोझोइक’चा पहिला भाग पुराजीव महाकल्पाचा, दुसरा, मध्यजीव आणि नवजीव महाकल्पांचा, 2020 मध्ये. ड्रम वाजवायला पॉल झायडेल थेट आइसलँडला गेला, ‘सुंडलाउगिन’ या स्टुडिओत. हा स्टुडिओ म्हणजे जुना पोहण्याचा तलाव. ‘सिगुर रोस’नं तो आपल्या कामासाठी नावारूपाला आणला. कोरड्या, बंद खोलीत न सापडणारी घुमारी इथल्या ड्रमला आहे, आणि ती हिमनद्यांच्या नि ज्वालामुखींच्या गाण्यांना शोभते.

पहिल्या भागाचा शेवट पर्मियनवर होतो. 25 कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या दहातल्या जवळपास नऊ जाती संपल्या, पृथ्वीनं पाहिलेला हा सर्वांत मोठा संहार. गाणं नऊ मिनिटांच्या वर चालतं आणि अजिबात घाई करत नाही. दुसऱ्या भागात ज्युरासिक आणि क्रिटेशस मिळून तेरा मिनिटांचं एकच गाणं आहे. त्यात ‘कॅटाटोनिया’चा योनास रेंक्से पाहुणा गायक म्हणून येतो. महाकाय सरड्यांचं राज्य कसं बुडालं, ही त्याची गोष्ट.

या गाण्यापाशी मराठी ऐकणाऱ्याला थोडं थांबावंच लागतं. तो संहार 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोत उल्का आदळली त्याच सुमारास इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर ओतला जात होता, आणि आज त्यालाच आपण सह्याद्री म्हणतो. महाबळेश्वराच्या परिसरात हे थर एकावर एक मिळून किलोमीटरभर जाडीचे भरतात. घाटातून जाताना कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच ओतण्याच्या खुणा. डायनोसॉर संपण्यात उल्केचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहेत. बँडनं सह्याद्री पाहिला असो वा नसो, त्या तेरा मिनिटांचा खडक आपल्या पायाखाली आहे.

2023 चा ‘होलोसीन’ हा या मालिकेचा शेवट. ‘प्रीकॅम्ब्रियन’च्या पहिल्या तबकडीत बावीस मिनिटांत दोनशे कोटींहून अधिक वर्षं मावली होती. इथे अख्खा अल्बम खर्च होतो 11,700 वर्षांवर. या खेपेला एक अदलाबदल झाली. एरवी गाणं स्टाप्सच्या गिटारीतून सुरू व्हायचं, इथे ते पेटर फोइग्टमानच्या सिंथेसायझरवरून सुरू झालं. हा गृहस्थ पूर्वी बँडची प्रकाशयोजना सांभाळायचा. अंधार कुठे ठेवायचा हे त्याला ठाऊक आहे. बराच वेळ गिटारी नुसत्या दबा धरून बसतात आणि फुटतात तेव्हा मोजक्याच फुटतात. जुने चाहते यावर कुरकुरले, मेटल कुठे गेलं म्हणाले. मला अल्बमचा पूर्वार्ध भावतो. गाण्यांना दिलेली बहुतेक नावं उत्तर युरोपच्या हवामानाच्या टप्प्यांची आहेत, आणि शब्द आजच्या माणसाच्या तमाशेबाजीवर, खोट्या बातम्यांवर घसरतात. पुन्हा पाटी एकीकडे आणि दुकान दुसरीकडे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं कालक्रम पाळायच्या भानगडीत पडू नये. ‘प्रीकॅम्ब्रियन’ची पहिली तबकडी अनेकांना दारातूनच परतवते. आधी ‘पेलाजिअल’ घ्यावा, गाण्याविना असलेला, एका बैठकीत, आणि तेही शक्यतो मोठ्या स्पीकरवर, कारण शेवटच्या पंधरा मिनिटांतले खालचे सूर फोनच्या स्पीकरला पेलत नाहीत. मग ‘फॅनेरोझोइक’चा दुसरा भाग. भूविज्ञानाचं कोष्टक शेजारी उघडून ठेवलं तर उत्तम, नाही ठेवलं तरी अडत नाही.